स्वयंपाकघरात उमललेली श्रद्धा : लक्ष्मीबाई टिळक

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी कामठी, कन्हान मागे टाकून भंडारा जिल्ह्याच्या हद्दीत शिरते. वरठीचे भंडारा रोड स्थानक, मग तुमसर रोड, त्यानंतर वैनगंगेचा पूल, दोन्ही हातांना धानाच्या बांध्या, पुढे गोंदिया आणि दरेकशाचे डोंगर ओलांडले की डोंगरगड व राजनांदगाव. आज गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा आहे. १९९९ सालापर्यंत तो मुलूखही भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. याच मार्गावरून १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नावाचे एक तरुण कवी नोकरीसाठी राजनांदगाव संस्थानाकडे चालले होते. डब्यात त्यांना एक गोरे गृहस्थ भेटले. साहेब म्हणजे उर्मटपणा करणार, अशी टिळकांची अपेक्षा. परंतु त्या गृहस्थांनी सौजन्याने त्यांना जागा करून दिली, काव्यशास्त्राच्या गप्पा मारल्या आणि उतरण्यापूर्वी नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्यांनी केले म्हणतात. टिळकांनी ते पुस्तक वाचावयास घेतले, डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि तेथून त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

ही हकीकत आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. मराठी ख्रिस्ती उपासनेत टिळकांची पदे आजही गाइली जातात आणि पदांबरोबर ही गोष्टही सांगितली जाते. परंतु या लेखाचा विषय टिळक नव्हेत. त्यांच्या मागे घरात चूल सांभाळीत बसलेली, अक्षरओळख जेमतेम असलेली आणि ख्रिस्ती धर्माचे नाव ऐकताच अंगावर काटा येणारी त्यांची पत्नी हा आहे. टिळकांना प्रभूची हाक आगगाडीत ऐकू आली. लक्ष्मीबाईंना ती ऐकू येण्यास पुढे सात वर्षे लागली, आणि ती कोणत्याही पुस्तकातून आली नाही.

टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट पंथाचे होते. मग आपण कॅथलिकांनी त्यांचे चरित्र का वाचावे, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येणे शक्य आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयी जे आज्ञापत्र काढले, त्यात आपल्यापासून विभक्त झालेल्या बंधुभगिनींच्या ठायी पवित्र आत्म्याने जे घडविले ते आपल्याही आध्यात्मिक लाभाचे ठरू शकते, हे स्पष्टपणे मान्य केले आहे. शिवाय लक्ष्मीबाईंचा मार्ग हा संसारी बायामाणसांचा मार्ग आहे, आणि संसाराला पंथ नसतो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूर या गावी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, लाडाने मनू. वडील नारायणराव गोखले. मनूच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत फाशी देण्यात आले. त्या घटनेचा नारायणरावांच्या मनावर असा काही आघात झाला की त्यांना सोवळ्याचे वेड जडले. बाहेरून घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू धुतल्यावाचून घ्यावयाची नाही, कोणाचा स्पर्श होता कामा नये, कोणाची सावली नको, असा दंडक सुरू झाला. धुण्याचे कष्ट अर्थातच घरातील बायकांच्या वाट्याला आले. त्यांची ती अवस्था पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या आत्मचरित्रात हसत हसत वर्णिली आहे. परंतु वाचताना त्या हसण्याच्या तळाशी एका भेदरलेल्या मुलीचे डोळे दिसल्यावाचून राहत नाहीत. मनू पुढे नाशिकला आत्याच्या घरी वाढली आणि १८८० साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत, तिचे लग्न झाले. मनकर्णिका गोखले यांच्या सौ. लक्ष्मीबाई टिळक झाल्या.

नवरा बुद्धिमान, प्रेमळ आणि अत्यंत लहरी. रागाचा पारा क्षणात चढे व क्षणात उतरे. मनात आले की घर सोडून निघून जावे, महिनोन्महिने पत्ता लागू देऊ नये, आणि एके दिवशी काही घडलेच नाही अशा थाटात परत यावे. दारी आलेल्या याचकाला विन्मुख पाठविणे त्यांना जमत नसे. मग घरात दुसऱ्या वेळेचे पीठ आहे की नाही याची चौकशी कोण करतो! ती चौकशी लक्ष्मीबाईंना करावी लागे. टिळकांच्या थोरवीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. परंतु थोर माणसाबरोबर रोज एका छपराखाली राहण्याला काय किंमत पडते, हे लिहिणारी लेखणी एकच, आणि तिने ते कडवटपणा न ठेवता लिहिले, हे मला त्या बाईंचे मोठेपण वाटते. काही अपत्ये बालपणीच गेली. नोकरीसाठी गावे बदलली. नागपूरला अप्पासाहेब बुटी या धनिक गृहस्थांच्या आश्रयाने टिळकांचे संस्कृत ग्रंथांचे काम चालले होते, तेथे काही दिवस बरे गेले. पुढे राजनांदगावची नोकरी आली, आणि आरंभी सांगितलेला तो प्रवास घडला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. परदेशी मिशनऱ्याच्या हातून नव्हे तर भारतीय पाळकाच्या हातून तो घ्यावयाचा, हा त्यांचा आग्रह होता. लक्ष्मीबाई त्या वेळी माहेरच्या माणसांत होत्या. बातमी येऊन थडकली आणि घरावर आकाश कोसळले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे नवरा जिवंत असूनही गेल्यात जमा झाला होता. आपल्याला सुवासिनी म्हणावे की काय म्हणावे, हेही त्यांना कळेना. काही दिवस त्यांचे चित्त ठिकाणावर नव्हते. पदरी दत्तू नावाचा लहान मुलगा. आप्तांनी सांभाळले, पंढरपूरला बहिणीच्या घरीही त्या राहिल्या. या विरहाच्या काळातच त्यांच्या तोंडून पहिल्या कविता बाहेर पडल्या. ज्या बाईला जोडाक्षरे वाचताना अडखळावयास होई, तिच्या दुःखाने स्वतःच छंद शोधला.

आता एक प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायकोही झाली, असे लक्ष्मीबाईंच्या बाबतीत पुष्कळदा सहज बोलले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. सुमारे पाच वर्षे त्या दूर राहिल्या. टिळकांची पत्रे येत, भेटी होत, भांडणे होत, रडारड होई. परंतु नवऱ्यावरच्या मायेपोटी धर्म बदलावयाचा, हे त्यांना मान्य नव्हते. अखेर त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे राहावयास गेल्या तेव्हाही आपले सोवळे घेऊनच गेल्या. वेगळी चूल, वेगळे पाणी, वेगळी भांडी. नवरा एका बाजूला, त्याचे अन्न दुसऱ्या बाजूला. टिळक तेथील अमेरिकन मराठी मिशनच्या ईश्वरविज्ञानाच्या पाठशाळेत शिकवीत. लोकांना प्रभूचा मार्ग शिकविणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात त्याच्या हातचे पाणी चालत नव्हते! टिळकांसारख्या तापट माणसाने हे सहन केले. पत्नीवर जबरदस्ती करावयाची नाही, हा नेम त्यांनी पाळला. त्यांच्या पुष्कळ गुणांपैकी हा एक गुण मला त्यांच्या सर्व काव्याहून मोलाचा वाटतो.

भंडाऱ्याच्या वाचकांना पितळी भांड्यांचे महत्त्व सांगावयास नको; या शहराची ओळखच पितळेच्या कारागिरीने घडली आहे. घागर, कळशी, हंडा यांवर घरातील बाईची सत्ता असते. त्या काळी तर धर्म म्हणजे काय, हे देवघरापेक्षा पाण्याच्या घागरीवरच अधिक ठरे. कोणी भरली, कोणी शिवली, कोणाच्या ओंजळीत तिचे पाणी वरून ओतले, यावर माणसाची पायरी निश्चित होई. लक्ष्मीबाईंची परीक्षा नेमकी त्या घागरीपाशी झाली.

त्यांना कोणी वादात जिंकले नाही. टिळकांचे पांडित्य, मिशनमधील विद्वानांच्या चर्चा, यांपैकी कशाचाही त्यांच्यावर फारसा परिणाम झाल्याचे दिसत नाही. त्या भोवताली पाहत होत्या. ज्यांची सावली नको असे लहानपणापासून शिकविले गेले, ती माणसे शेजारी राहत होती; आजारपणात धावून येत होती; त्यांची पोरे दत्तूबरोबर खेळत होती. हळूहळू त्यांच्या मनात विचार येऊ लागला की पशुपक्ष्यांत देवाने वेगवेगळ्या जाती केल्या त्या डोळ्यांना दिसतात, परंतु माणसामाणसांतील उच्चनीच भाव दिसत नाही. मग तो देवाने केला की माणसाने? माणसानेच केला, असे उत्तर त्यांच्या मनाने दिले. पित्याच्या वेडाने उभी केलेली भिंत तिथे कोसळली. विचार पक्का होताच त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आरंभ केला. स्वभावच तसा होता. पटेपर्यंत हटावयाचे नाही, आणि पटल्यावर दुसऱ्या दिवसाची वाट पाहावयाची नाही. आधी शिवाशिव गेली आणि मग ख्रिस्त आला, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. १९०० साली लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला.

कृपा माणसाचा स्वभाव पुसून टाकीत नाही, ती त्यालाच पूर्णत्वाकडे नेते, ही आपल्या ख्रिस्तसभेची जुनी शिकवण. लक्ष्मीबाईंच्या पुढील आयुष्यात तिचे प्रत्यंतर जागोजागी येते. त्या ख्रिस्ती झाल्याने मवाळ झाल्या नाहीत, विदुषी झाल्या नाहीत, त्यांचा थट्टेखोरपणा गेला नाही. नवऱ्याशी खटके उडावयाचे ते उडतच राहिले. बदलले ते एवढेच की घराचे दार मोठे झाले.

१८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने महाराष्ट्रात असंख्य मुले अनाथ झाली. नगर भागातील मिशनच्या आश्रयाला अशी मुले मोठ्या संख्येने आली. टिळकांच्या घरातही परकी मुले घरच्यासारखी वावरू लागली. कोणाचे आईबाप गेलेले, कोणाचे असूनही नसल्यासारखे. पगार तोच, ताटे वाढत गेलेली. टिळक मूल घेऊन यावयाचे, आणि त्याला न्हाऊ घालणे, त्याच्या केसांतील उवा काढणे, रात्री त्याच्या उशाशी बसणे हे लक्ष्मीबाईंनी करावयाचे. नगरला प्लेगच्या साथी आल्या तेव्हा गावाबाहेर झोपड्यांच्या छावण्या पडत. रक्ताची माणसे आपल्या रुग्णाजवळ जावयास कचरत. अशा वेळी लक्ष्मीबाई छावणीत जाऊन रुग्णांची सेवा करीत राहिल्या. ज्यांच्या वडिलांनी आयुष्यभर परक्याचा स्पर्श टाळला, त्यांची मुलगी प्लेगच्या गाठी आलेल्या अनोळखी माणसांच्या तोंडात पाणी घालीत होती! तेही आपण काही मोठे करीत आहोत अशा भावनेने नव्हे. समोर काम पडले, ते केले.

लिस्यूची संत तेरेसा लक्ष्मीबाईंहून जेमतेम पाच वर्षांनी लहान. १८९७ साली, लक्ष्मीबाई अजून आपले सोवळे जपीत असताना, फ्रान्समधील मठात तिचा अंत झाला. लहानसहान कामे मोठ्या प्रेमाने करावीत, हा तिचा छोटा मार्ग आज जगभरच्या कॅथलिकांना ठाऊक आहे. एक मठातील संन्यासिनी, दुसरी पोराबाळांच्या गराड्यातील गृहिणी. एकीला दुसरीची वार्ताही नव्हती. तरीही दोघींची पाऊलवाट बरीचशी एकाच दिशेने गेली आहे असे वाटते. फरक इतकाच की लक्ष्मीबाईंच्या वाटेवर भांड्यांचा आवाज अधिक आहे.

या घरात आलेल्या मुलांपैकी एकाचे नाव सर्व महाराष्ट्र जाणतो. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी. कवितेच्या ओढीने ते टिळकांकडे आले आणि नगरला त्यांच्या घरी राहिले. टिळकांनी त्यांच्यातील कवी ओळखला. लक्ष्मीबाईंनी त्यांना आईची माया दिली. ठोमरे हिंदू होते आणि हिंदूच राहिले. लक्ष्मीबाईंच्या ताटातले त्यांचे माप त्यामुळे कमी झाले नाही. ५ मे १९१८ रोजी खानदेशातील भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी बालकवी गेले.

तोवर टिळकांचाही प्रवास अखेरच्या टप्प्यात आला होता. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि भारतीय पद्धतीची ख्रिस्तभक्ती रुजविण्यासाठी साताऱ्यास देवाचा दरबार स्थापन केला. उतारवयात बांधलेला पगार सोडून फकिरी पत्करणे हे कवीला शोभते. ते घरात निभावून नेणे कठीण. लक्ष्मीबाईंनी तेही निभावले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा पन्नाशीचे होते.

येथे एखादे सामान्य चरित्र संपले असते. आपल्या समाजात विधवेच्या आयुष्याचा उरलेला भाग आठवणी काढण्यातच जातो, अशीच समजूत होती आणि काही घरांत ती अजूनही आहे. लक्ष्मीबाईंचे मोठे काम मात्र यानंतरचे आहे. टिळकांनी १९०९ साली ख्रिस्तायन या नावाने प्रभू येशूचे ओवीबद्ध चरित्र लिहावयास घेतले होते. आपल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणानंतर मराठीत अशी मोठी रचना करण्याचा हा प्रयत्न होता. दहा-अकरा अध्यायांपाशी काम थांबले आणि टिळक गेले. ते पूर्ण करावयाचे, असे लक्ष्मीबाईंनी ठरविले. ज्यांना लिहिणे-वाचणे नवऱ्याने लग्नानंतर मोडकेतोडके शिकविले, ज्यांचा शाळेशी संबंध जवळजवळ आलाच नाही, त्यांनी शुभवर्तमाने पुढ्यात घेऊन थोडेथोडके नव्हे, चौसष्ट अध्याय रचले. माहेरी ऐकलेल्या ओव्या, पोथ्या आणि अभंग यांची लय त्यांच्या कानात मुरलेली होती. जात्यावरची ती लय प्रभूच्या चरित्राला उपयोगी पडली.

दरम्यान मुलाच्या, म्हणजे देवदत्त टिळकांच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या व टिळकांच्या आठवणी लिहावयास सुरुवात केली. १९३४ पासून त्या स्मृतिचित्रे या नावाने भागाभागांनी पुस्तकरूपात येऊ लागल्या. मराठी साहित्यिकांनी त्यांचे मोठ्या आदराने स्वागत केले, आणि मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्यांची गणना आजही होते. ज्या वाचकांनी ते पुस्तक अद्याप वाचले नसेल त्यांनी ते धर्मग्रामाच्या किंवा गावाच्या वाचनालयातून अवश्य मिळवावे. त्यात प्रवचन एकही सापडणार नाही. सापडतील त्या उतू गेलेल्या दुधाच्या, हरवलेल्या नवऱ्याच्या, आजारी मुलांच्या आणि उसन्या पैशांच्या गोष्टी. चमत्कारांची आवड असणाऱ्यांची निराशा होईल. परंतु घरात एकानेच श्रद्धा स्वीकारली आणि दुसरे माणूस अजून उंबरठ्याबाहेर आहे, अशी जी कुटुंबे विदर्भातील आपल्या धर्मग्रामांत आढळतात, त्यांनी त्यातील विरहाची पाने सावकाश वाचावीत. तेथे घाई कोणीच करीत नाही, देवही नाही.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंनी देह ठेवला. स्मृतिचित्रांचे लेखन तेव्हा अपुरेच होते. शेवटचा भाग देवदत्त टिळकांनी लिहून पूर्ण केला. नवऱ्याचे अर्धे राहिलेले पुस्तक पत्नीने पुरे केले, पत्नीचे अर्धे राहिलेले मुलाने. त्यांच्या कवितांचा संग्रह पुढे निघाला, त्याचे नाव भरली घागर. ख्रिस्तायन छापून बाहेर आले ते १९३८ साली, लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.